फुटामागे एक इंच

शुवैखच्या शेडमध्ये आम्ही वाऱ्याचे कपडे शिवतो,
असं आमचा फोरमन जोजप्पन म्हणतो.
पत्रा, कात्री, शिवण, आतून अस्तर.
बावीस वर्षं मी एकच गोष्ट कागदावर आखली :
गार हवा कुठून कुठे ढकलायची.
ढकलावीच लागते. जड असते ती,
रुसलेल्या जावयासारखी कोपरा धरून बसते.

जानेवारीत अबू मिशारी आला,
ऐंशीचा, काठी टेकत.
दिश्दाशाच्या खिशातून कॅटलॉगचं एक पान काढलं,
घड्यांवर चिकटपट्ट्या लावलेलं.
“हे हवंय. अब्दलीच्या शेतावर.”

चित्रात एक तळघर,
तळघरात पोट सुटलेली लोखंडी भट्टी,
तिच्या डोक्यातून छताकडे गेलेले आठ जाड हात.
“अख्ताबूत,” तो म्हणाला, आणि बोटं फाकवून दाखवली.

पंखा कुठाय?
नाही.
मोटर?
नाही.
मग हवा वर जाते कशी?
त्याने माझ्याकडे असं पाहिलं
की बावीस वर्षं मी काय करत होतो.

रात्री खोलीवर ते पान दिव्याखाली धरलं.
मधे विस्तवाचं भांडं, खाली राखेचं दार,
भोवती पत्र्याचे दोन झगे,
झग्यांमधल्या फटीतून तापत चढणारी हवा.
एका बाजूला पाण्याची थाळी, घसा कोरडा पडू नये म्हणून.
आणि बारीक अक्षरांत ताकीद :
प्रत्येक नळीला फुटामागे एक इंच चढ.

अरे, हा तर बंब.

वडील तांबट होते.
मधल्या नळीत विस्तव, भोवती पाणी,
एवढंच त्यांना येत होतं, पण पुरतं येत होतं.
जोड फुंकून तपासायचे, गाल फुगवून,
आणि मला म्हणायचे, धर कान.
गिझर आले त्या वर्षी दुकानात शेवटचे तीन बंब उरले,
एकात आई ज्वारी भरायची.

आम्ही वाळूत खड्डा खणला, बांधून काढला.
भट्टी जोजप्पनने ओतून आणली, मला विचारू नका कुठून.
कोळसा समरचा. समर म्हणजे आपली बाभळच.
सात नळ्या सात खोल्यांना.
आठवी कुणाला?
कोळसा कोण घालणार, मी विचारलं.
शफिकुल, राखणदार.
तो कुठे झोपतो?
पंपाशेजारी, पत्र्याच्या खोलीत.

अबू मिशारी बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, ओहायोत मी तळघरात राहायचो,
भट्टीला पाय लावून.
अख्ख्या घरात सगळ्यात ऊब तिथे
आणि सगळ्यात कमी भाडं.
त्याची खाट खाली टाका.

ही माया होती की सोय,
मला अजून ठरवता आलेलं नाही.
आठव्या नळीचं तोंड मी पत्र्याने बंद केलं.

पहिली पेटती रात्र. बाहेर चार अंश,
सीमेकडून कापत येणारा वारा.
दिवाणखान्याच्या जाळीवर मी तळहात धरला :
आधी काही नाही,
मग धुळीचा वास,
मग कुणीतरी हळूच श्वास सोडावा तशी ऊब.
कुणी ढकलली नव्हती.
मी हात काढला नाही. कान लावावासा वाटला.

अकराच्या सुमाराला शफिकुलने घरी फोन लावला.
त्याला कसं माहीत असणार,
अशा घरात नळ्या नुसती ऊब नेत नाहीत?
बंगालीतला त्याचा आवाज, मुलीचा शाळेचा काहीतरी हट्ट,
त्याचं खोकत हसणं,
सातही जाळ्यांतून एकदम वर आलं,
झुंबराखाली, सोफ्यांवर, झोपलेल्या नातवंडांच्या उशाशी.

अबू मिशारीने मला विचारलं,
याला आवाज अडवणारं काही बसवता येतं का?

जुन्या नकाशात तसं काही नाही, मी म्हणालो.

त्याने मान हलवली. खुर्ची ओढली,
आणि जाळीजवळ बसला.