राहणार वरीलप्रमाणे

"मृत्युपत्र म्हणू नका, इच्छापत्र म्हणा,"
देवकुळे वकीलबाई म्हणाल्या,
आणि यमुना खुर्चीतच हसली:
"इच्छा? या वयात? घ्या लिहून,
सकाळी साडेपाचला पाणी यावं, पूर्ण दाबानं."

मी यादी नेली होती.
कर्वेनगरचा फ्लॅट, दुसरा मजला, लिफ्ट नाही.
पोस्टातली मासिक योजना. बँकेच्या तीन पावत्या.
चार बांगड्या, त्यातली एक वाकलेली.
शिवणयंत्र यादीत नाही, ते यमुनेचं.
नॉमिनी म्हणजे वारस नव्हे
हे मला पासष्टाव्या वर्षी कळलं.
तोवर प्रत्येक फॉर्मवर चारुहासचं नाव घालून
मी निर्धास्त झोपत होते.

भाचा वाईट नाही.
दिवाळीला येतो, गीझर बघून जातो.
फ्लॅट त्याचाच, पण नंतर.
आधी यमुना. ती आहे तोवर तिला कुणी
"कधी निघताय" असं विचारायचं नाही.
वकीलबाईंनी याला एक शब्द दिला: तहहयात.
मी तो दोनदा म्हणून पाहिला,
आतून कडी लागल्यासारखा वाजला.

मागच्या महिन्यात धायरीला जाऊन आलो.
एक खोली, दोन कॉट, न्हाणीघरात धरायला दांड्या.
अनामत रक्कम ऐकून यमुनेनं चष्मा पुसला.
"बहिणी का?" मॅनेजरनं विचारलं.
"हो," ती म्हणाली,
रात्रपाळीला म्हणायचो तितक्या सहज:
लाइन बिझी आहे.

ट्रंक एक्सचेंजात एकोणतीस वर्षं
शेजारी शेजारी स्टुलं.
सोलापूर, नांदेड, इटारसी.
कुणाकुणाचे बाप गेल्याचे निरोप
आम्ही जोडून दिले,
आणि मध्येच बोलायचो:
"तीन मिनिटं झाली. वाढवायची?"

म्हणून दुसरा कागद सोपा गेला, उपचारांचा.
नळ्या, यंत्र, श्वास.
मला बोलता येईनासं झालं तर ठरवायचं कुणी?
हिनं.
डॉक्टर बाहेर येऊन विचारतील, वाढवायची?
ही आधी घड्याळ बघेल.
आणि मला ठाऊक आहे, एकदा वाढवेलच,
कागदात नसलं तरी,
पलीकडून रडणं ऐकू आलं की
तिकिटावर न लिहिता वाढवून द्यायची, तशी.
मग पिन काढेल.

अडलं ते एका रकान्यात.
"नातं काय लिहू?"
पंखा फिरत होता. खाली झेरॉक्सवाल्याशी
कुणीतरी दोन रुपयांवरून वाद घालत होतं.
मैत्रीण, मी म्हणाले,
पण तो शब्द शाळेच्या दप्तरातला वाटला.
सहकारी? ती तर पतसंस्था.
बहीण म्हणायला जीभ रेटेना,
हा धायरीचा मॅनेजर नव्हे, सरकारी शिक्क्याचा कागद.
यमुना पर्समध्ये काहीतरी शोधत राहिली,
जे तिथं नव्हतं.

"नातं घातलंच पाहिजे असं नाही,"
वकीलबाई म्हणाल्या, "नाव, वय, पत्ता पुरे."
आणि टाइप केलं:
यमुना गणपत धेंडे, वय वर्षे ७२,
राहणार वरीलप्रमाणे.

साक्षीदार आपल्याहून तरुण बघावेत म्हणतात.
औषधाच्या दुकानातला सुमेध आला,
आणि इस्त्रीवाला परदेशी,
त्यानं सहीआधी हात पॅन्टला पुसले.
टोकन एकोणचाळीस.
माझा अंगठा यंत्रावर उमटेना.
चौथ्यांदा उमटला.

रिक्षात यमुना म्हणाली, "आता माझं कधी करायचं?"
"तुझ्याकडे आहे काय?"
"शिवणयंत्र."
नळस्टॉपचा सिग्नल लागला होता.
"आणि त्याचा पट्टा बदलायला झालाय," ती म्हणाली,
"तेही लिहून ठेव."