दहा किलो

विट्याच्या स्टँडमागं इकबाल मुल्लांचं रद्दीचं दुकान,
तिथं दुपारपासून उकिडवी बसलेय मी
आणि पोरं माझी दोन्ही, पेपरांच्या गठ्ठ्यावर.
ह्यांनी फोनवर बजावलंय,
‘पुस्तकं दहा किलोच. सेलमला उतरताना
हमाल मीच असतो.’

गलाईवाल्याची बायको मी.
लग्नानंतर तीन गावं, तीन लिप्या.
गुंटूरला गिरवलेलं कटकला पुसलं,
कटकचं सेलमला.
तिसऱ्या शाळेनं शंभूला पुन्हा पहिलीत बसवलं,
त्या दिवशी दप्तर खुंटीला टांगलं
आणि ओट्याला म्हटलं, आता तू फळा.

गणित जमतं. खाली दुकानात काटा आहे,
शेकडा नव्वद, शेकडा ब्याण्णव
जेवतानाही बोलतात घरात.
भाषेचं काय करू?
वेदिका म्हणते ‘माझा पुस्तक’, ‘तो खिडकी’.
ळ तेवढा दोघांचा ठणठणीत,
तो तमिळनं सांभाळला, शेजारीण तान्हं सांभाळते तसा.

पहिलं पुस्तक. गुळगुळीत कागद, जाड ठसा,
शेवटी चौकटीत तात्पर्य.
दुसऱ्यातही चौकट. तिसऱ्यातही.
शंभू म्हणाला, ‘आई, गोष्ट संपली की
हे काका दार वाजवत कशाला येतात?’
तिन्ही परत गठ्ठ्यावर.

निबंधांचं एक. ‘माझा गाव’ तयार, दीड पानात,
त्यात नदी झुळझुळ वाहते.
आमच्या वाडीला टँकर यायचा
आणि आम्ही कळशीच्या तोंडावर नाव खरवडायचो,
माझं पहिलं शुद्धलेखन ते.
ठेवून दिलं.

व्याकरण घेतलं, नको नको म्हणत.
शेवटच्या पानावर सगळे अपवाद एकत्र बसलेत
लग्नात रुसलेल्या भावकीसारखे.

पक्ष्यांचं एक, मुखपृष्ठ गेलेलं.
‘होला म्हणजे?’ वेदिकानं विचारलं.
सांगायला गेले तर शब्दच सापडेनात,
मग मान पुढंमागं करत घुमले मी तिथंच, भर दुकानात,
काट्यामागनं इकबालभाई हसले.
हे घ्यायचंच.

माझे सासरे दुकानातली धूळ झाडून पोत्यात भरत,
वर्षाअखेर ती जाळून, धुऊन, आटवून
गुंजभर सोनं काढत.
मला वाटलेलं, इथंही तसंच काहीसं जमेल.
पण कसोटीचा दगड नाही माझ्याकडं.
एक ओळ मोठ्यानं वाचायची
आणि बघायचं, शंभू चप्पल घासायचा थांबतो का.

दोनदा थांबला.
एकदा विहिरीत उतरलेल्या माणसाच्या गोष्टीला,
आणि एकदा लोणच्याच्या कृतीला:
‘कैऱ्या पुसाव्यात. पाण्याचा अंश राहू देऊ नये.’
ही ओळ त्यानं तीनदा वाचायला लावली.
का, ते मला अजून कळलेलं नाही.

तेवढ्यात वेदिकानं तळातून काहीतरी ओढलं,
अर्धी पानं कसरीनं खाल्लेली,
आत शिसपेन्सिलीनं: रोहिणी निकम, सातवी ब.
आणि समासात जागोजाग रोहिणी निकम:
‘राजकन्येने असे का केले? मी नसते केले.’
‘हे खोटे आहे.’
‘इथे मला रडू आले पण बाई ओरडल्या.’
मी म्हटलं, फाटकं आहे गं.
‘ही कुठं राहते?’ वेदिका म्हणाली.
इकबालभाईंना ठाऊक नव्हतं.
पोत्यातनं येतं सगळं, म्हणाले, नावं कोण विचारतंय.

काट्यावर साडेअकरा.
ह्यांचा चेहरा डोळ्यांपुढं आला, सेलमचा तो जिनाही.
दीड किलोच्या कुरडया माहेरच्या,
गुपचूप इकबालभाईंच्या टेबलावर ठेवल्या.
भाभींना द्या, म्हटलं, आणि मागं न बघता निघाले.

मिरजेच्या एस्टीत जागा मिळाली ती मागच्या चाकावर.
शंभू स्टँडवरच्या पाट्या वाचत होता,
आळसंद, भाळवणी,
ळ आला की जोरात.
वेदिका तेच फाटकं घेऊन खिडकीशी.
‘आई, रोहिणीनं इथं काहीतरी लिहून खोडलंय.’
गाडी हलली.
उजेडाला धर, म्हटलं मी.