किलिंडोनीची वही

वही सरकारी नाही, दार-ए-सलामच्या कुणा संशोधकांची.
हिरवं कव्हर, तेलानं पिवळ्या पडलेल्या कडा,
आत छापलेले रकाने: तारीख, लांबी, नर की मादी,
जिवंत की मेलेली.
मी शोमारी. उजव्या हाताची दोन बोटं दोरखंडानं नेली
तेव्हापासून किनाऱ्यावर बसून
दुसऱ्यांनी पाहिलेलं लिहितो.

हिला आम्ही पापा शिलिंगी म्हणतो.
आमच्याकडे पापा म्हणजे मुशी,
तुमच्या भाषेत काय ते तुमचं तुम्ही बघा.
शिलिंगी त्या ठिपक्यांमुळे:
कुणी मूठभर नाणी भिरकावली
आणि ती बुडायची विसरून पाठीवरच राहिली.

परवा, अमावास्येच्या आदल्या रात्री
नाखवा वझीरीनं दिवे पेटवून डागा गोळा केली,
गोल जाळं टाकलं, खालची दोरी आवळली,
बारा जण ओढायला लागले.
जाळं येईना.
खडक, कुणी म्हणालं.
मग खडक वळला.

दिव्यात आधी तोंड आलं,
दार नव्हे, अख्खी पडवी उघडावी तसं,
आणि आमची डागा आमच्याच जाळ्यात बसून
गिळत राहिलं, सावकाश,
यजमानाआधी पंगतीला बसलेल्या पाहुण्यासारखं.

वरची दोरी बुडवली. बोयरी दाबून धरली.
जा बाई, म्हणून वाट करून दिली.
गेली नाही.
हमदुनी उतरला, तिच्या कुशीला तळहात लावून रेटलं.
घर ढकलल्यासारखं वाटलं म्हणतो.
तळहात सोलून वर आला.
तेवढ्यात शेपूट जाळ्यात गुंतलं
आणि बोट कलली.
मागे कुणीतरी तिच्या अंगावरची नाणी मोजत होता,
मोठमोठ्यानं, एकशे चार, एकशे पाच,
त्याला गप्प करायला वेळ लागला.

वझीरी सुरा हातात घेऊन बराच वेळ उभा होता.
जाळं नवं. व्यापाऱ्याचे दोन हंगाम अजून देणं.

मला माहीत आहे तो काय आठवत होता.
वीस वर्षांपूर्वी अशीच एक आली होती,
तेव्हा आम्ही जाळं नाही कापलं.
काळीज तीन दिवस उकळत होतं वाळूवर,
सगळ्या गावाला वास,
त्या तेलानं पाच बोटींच्या फळ्या चोपडल्या.
परवाची बोट त्यातलीच.
वहीत त्यासाठी रकाना नाही.

सात वाव जाळं कापलं.
ती लगेच गेली नाही तरी.
भोकासमोर थांबली, जणू तिथंही काही खायला असेल,
मग खाली गेली, नाणी आधी विझली
आणि शेपटाची रेघ मागाहून.
डागाही गेली. सकाळी वाटणीला
माणशी दीड ओंजळ.

म्वानाहावा अंगणात पाय पसरून जाळं शिवते आहे.
निळा धागा मिळाला नाही, नारिंगी लावते.
दर चार गाठींनी एक शिवी,
मुशीला की वझीरीला कळत नाही.

मी लिहिलं: लांबी साडेसहा मीटर, अंदाजे.
नर की मादी: अंधार होता.
जिवंत.

वझीरी आला, माझ्या खांद्यावरून वाकला.
त्याला वाचता येत नाही.
लिहिलंस?
लिहिलं.
जाळ्याचं?
समासात लिहिलं, सात वाव.
तो थोडा वेळ माझ्या अक्षरांकडे बघत राहिला.
मोठं लिही, म्हणाला.