पाण्यातली गोळी

शास्त्रीनगरच्या मैदानावरून फुटबॉलवाले उठले
की मग आमची पाळी, साडेआठच्या उन्हात.
चुन्याला पैसे नाहीत. गिरणीतला कोंडा टाकून
आम्ही रेघा आखतो, कुत्री त्या चाटून पुसतात,
आम्ही पुन्हा आखतो.

मधोमध, मातीच्या उंचवट्यावर, सुयोग चेचर.
वय पंधरा. वडणग्याहून सायकलवर येतो,
हँडलला ग्लोव्ह, पाठीला डबा.
त्याचा बॉल पोचतो तेव्हा कॅचरचा हात
वीतभर मागे सरकतो, आणि कॅचर
ते लपवायला उगाच माती झाडतो.

बॉल मात्र एकच येतो त्याला. वेगाचा.

निवड समितीचे इनामदार म्हणाले,
"शेवटी ठेवा याला. सहावी, सातवी इनिंग.
पंधरा बॉल, सगळा दम, विषय संपला.
मार्चला राज्याच्या संघात दिसेल बघा."
दिसेल. खोटं नाही त्यात काही.
पंधरा बॉल टाकणाऱ्याला दुसरं काही शिकावं लागत नाही.
पहिल्यापासून उभा राहतो, त्याला लागतं:
तोच बॅटर दुसऱ्यांदा येतो तेव्हा ओळख काढून आलेला असतो,
तिसऱ्यांदा तर खांद्याची खुशालीही विचारतो.

माझ्या खांद्याची कुणी विचारली नव्हती.
सांगलीविरुद्ध एका दिवसात दोन सामने,
दोन्हीकडे मीच, पहिल्या बॉलपासून शेवटच्यापर्यंत.
रात्री मिरवलं मला, पांढऱ्या रश्श्याच्या वाट्यांवर वाट्या.
आज शर्ट घालताना आधी उजवी बाही,
मग उरलेला माणूस.

म्हणून ही वही. एकेका बॉलची रेघ.
साठ झाल्या की पोरगं खाली,
मग समोर कुणीही असो.
वही खोटं बोलत नाही,
पण पुढचं काही सांगतही नाही.

डिसेंबरात त्याच्या वडिलांना भेटायला गुऱ्हाळावर गेलो.
ते गुळव्या. रात्रीची तिसरी काहील चढलेली.
चुलवाणाच्या तोंडाशी एक म्हातारा
चिपाडं सारत होता, दुपारपासून, मान वर न करता.
रस उसळला, फेस पिवळा झाला, मग तांबूस,
तेव्हा कुठे हे उठले.
थेंबभर पाक थंड पाण्यात सोडला,
बोटांत गोळी वळली, म्हणाले, "उतरा."
एवढंच. पण चुकलं असतं तर
सगळ्या दिवसाची काकवी.

मी म्हटलं, "बघा, असाच हवाय त्यांना पोरगा.
शेवटी येणारा."

त्यांनी बोटं धुतली. हनुवटीनं जाळाकडं दाखवलं.
"मास्तर, बारा वर्सं तितं बसलोय मी.
जाळ घालणाऱ्याला काहिलीतलं कळतंय.
थेट हिकडं आलेला नुसती गोळी बघतोय."

मला उत्तर मिळालं होतं. मी चपला शोधत होतो.
तेवढ्यात मागून, जरा हळू:
"पर डोळं बी तितंच गेलं माझं, निम्मं.
ते बी लिवून ठेवा तुमच्या वहीत."

शनिवारच्या यादीत पहिलं नाव सुयोग.
पुढे माझ्या अक्षरात: साठ. खाली दोन रेघा.
इनामदारांचा फोन वाजला, वाजू दिला.

आज त्याला संथ बॉल शिकवतोय.
तोच हात, तीच उडी, फक्त बोटांनी घाई करायची नाही;
गरम गुळाचा खडा धरावा तसा,
पडूही नये, भाजूही नये.

पहिला जमिनीवर आपटला. दुसरा कॅचरच्या डोक्यावरून.
सतरावा बरोबर मधे, लाडवासारखा,
आणि आमच्याच मारुती कांबळेनं तो
कुंपणापलीकडं, रस्त्यावर धाडला.
एका रिक्षावाल्यानं थांबून बॉल आत फेकला,
"भावा, असलं टाकायला सायकल मारत येतोस व्हय?"

सुयोग माझ्याकडे बघतो.
मी वहीत रेघ मारतो: सतरा.
आणि पेन्सिल कानावर ठेवून
अठराव्यासाठी बॉल त्याच्याकडे टाकतो,
डाव्या हातानं.