कोहळं, तीनदा

एलिया आप्पा चपला काढून बाकावर चढतात,
बाक मिशनच्या वेळचा आहे.
खाली सतरंजीवर मंडळीचं अर्पण:
तुरीच्या शेंगा, दोन पायल्या ज्वारी,
अन् पाय बांधलेली तांबडी कोंबडी,
जी प्रार्थनेत दोनदा मध्येच बोलली.

मी खजिनदार. वही माझ्याकडे.

मार्थाबाईचं कोहळं निघतं साठला.
"सत्तर," चक्कीवाला ढोले दारातून.
तो आमच्यातला नाही, पण दरसाल येतो,
दरसाल दारातच थांबतो.
"काऊन गा, आत ये ना."
"राहू द्या, पीठ हाय अंगाले."

नव्वदला सुटतं. ढोले पैसे मोजतो
अन् कोहळं परत सतरंजीवर ठेवतो.
मग सुगंधा मोहोड मॅडम, एकशेदहा. त्याही परत ठेवतात.
मग पाळकसाहेब, उधारीवर.

एक कोहळं, तीन ओळी.
हिशेब तपासायला तालुक्याहून येणारा माणूस
नेमका इथंच बोट ठेवतो.

ठराव होता देवळाच्या टिनांचा.
पण वावधनात शेवंताचं अख्खं छप्पर उडालं,
ती आमच्यातली नाही,
कोणातलीच नाही म्हणतात.
टिन तिकडं गेले.
खर्चात मी लिहिलं: "छप्पर."
खोटं नाही ते.

संध्याकाळी देवळामागं चूल पेटली.
कोहळ्यावर पहिला घाव बाईनं घालू नये,
बाप्तिस्म्याला चाळीस वर्षं झाली,
एवढं अजून पाळते मार्थाबाई.
तिनं ढोलेला हाक मारली.
तो आला, पिठासकट,
विळा घेऊन उकिडवा बसला.
"बिया मले ठेवजा," म्हणाला.

त्या मी वहीत घेतल्या नाहीत.