उंबरा दोन बोटं खाली

सेकंदाला बारा चित्रं काढते मी तिची.
टोपलीत हजार विड्या, वर ओलं फडकं,
साखर पेठेतल्या घरातून निघालीय
कारखान्यात माल द्यायला.
नाव रामक्का.
बाराही रामक्का सख्ख्या बहिणी, जुळ्या नव्हेत.
एकीचं नाक जरा पुढं,
एकीच्या पदराला चुणी जास्त;
म्हणून ती नुसती उभी राहिली तरी
रेघ थरथरते, तापत्या दुधावरच्या सायीसारखी.

गल्ली मुस्तकीमची.
नावाचा अर्थ सरळ, भिंतीही तशाच.
तारेवर वाळणाऱ्या सुताच्या लडी
वाऱ्याचा आकडा दिला की हलतात.
कॅमेरा कुठूनही न्या,
गल्लीला पाठ आहे, पोट आहे.
माझ्या रामक्काला पाठ
कागदाला असते तेवढीच.

दोघांना एकत्र केलं
आणि बाई तरंगायला लागली.
निवडणूक उरकल्यावर चौकात राहिलेला
पुठ्ठ्याचा उमेदवार, तशी.
मुस्तकीमनं सावली दिली.
सावली जमिनीला चिकटली, बाई नाही.
धूळ दिली. ती पाऊल पडायच्या आधीच उडाली.
मी रेघ जाड केली, मग बारीक,
मग चहाला निघून गेले.

"तुझी बाई हलते," तो म्हणाला.
"तुझी गल्ली मेलीय," मी म्हणाले.
पुढचे दोन दिवस आम्ही
फक्त फाइलींच्या नावांतून बोललो:
रामक्का_शेवटची
रामक्का_खरंच_शेवटची
गल्ली_आता_तरी_बघ

शुक्रवारी पाणी आलं, पाचव्या दिवशी.
नरसुआत्याकडं हंडे भरायला गेले,
पाइप धरायला मुस्तकीम.
मशीनच्या खोलीत तसंही बसवत नव्हतं.
आत्या सूप मांडीवर घेऊन,
पानावर पत्र्याचा साचा, साच्याभोवती कात्री,
नजर मात्र आमच्या हंड्यावर.
तो शहाबादी उंबऱ्यावर टेकला
आणि टेकल्या टेकल्या जरासा सरकला,
मधल्या खोलगटात.
मग दगडावरून तळवा फिरवत राहिला,
कापडाचा पोत बघतात तसा.
"हा असाच बसवला होता?"
"असा कशाला बसवतील? सपाट होता की रे,
मी लग्न होऊन आले तवा."

हंडा भरून वाहिला. आत्या ओरडली.
पाइप माझ्या हातात देऊन तो गेलासुद्धा.

रात्री साडेअकराला फोन: ये.

रामक्काला त्यानं हात लावला नव्हता.
उंबरा मधोमध दोन बोटं खाली नेला होता.
चौकटीला, खांद्याच्या उंचीवर,
तेलकट पंजाचा काळपट डाग.
आणि बाहेर एक फरशी उचललेली,
जिथं सगळेच ठेचकाळतात
आणि कुणीच दुरुस्त करत नाही.
ती आली. डाव्या हातानं चौकट धरली,
पाय उंबऱ्यात टाकला
आणि पाय बसला.
रेघ थरथरत होतीच.
पण आता ती चूक दिसेना, वय दिसलं.
आम्ही काही बोललो नाही.
मुस्तकीमनं पुन्हा लावलं. पुन्हा बसला.

सकाळी बाबांना दाखवलं.
तीस वर्षं चौकटीच्या कागदावर
चादरीचे मोर रंगवलेला माणूस;
एक चौकट चुकली तर मागावर
मोराची मान मोडते, हे त्यांना ठाऊक.
चष्मा वर करून अठरा सेकंद बघितले.
म्हणाले, "चप्पल कुठाय तिची?
एप्रिलात? सोलापुरात?"

दोनशे सोळा रामक्का. चारशे बत्तीस पाय.
सगळे अनवाणी.

आता उंबऱ्याबाहेर चपलेचा जोड ठेवलाय,
अंगठा तुटून पुन्हा शिवलेला.
दाराशी पडलेली चप्पल मुस्तकीमची,
पायात गेली की माझी.
नेमकी कितव्या चित्रापासून,
यावर कालपासून पुन्हा भांडण आहे.