सदतीस सेंट

एकतीस मार्चला जुनं पाकीट बंद होतंय.
चामड्याचं नव्हे. फोनमधलं, हिरवं,
लिएपायातल्या लोकांचं
ट्रामचं तिकीट, पोरांचं शाळेतलं जेवण, धुलाईचं मशीन
सात वर्षं ज्यातून वजा होत आलं ते.
नवी कंपनी विल्नियसची. तिच्या दारातून
एक युरोच्या आतलं काही आत जात नाही.
आणि माझ्या टेबलावर, उंबऱ्याबाहेर ताटकळलेली
चार हजार एकशे बारा खाती.

राइतिस म्हणाला, सोपं आहे.
देखभाल शुल्क लाव, महिना पन्नास सेंट,
मार्चअखेर आपसूक शून्य होतील,
कुणाच्या लक्षातही यायचं नाही.
(माणूस वाईट नाही. दुपारी आपल्या डब्यातला काळा पाव
न विचारता माझ्याकडे सरकवतो.)
मी म्हटलं, लोकांचं आहे.
तो म्हणाला, चिल्लर आहे.
दोन्ही खरं होतं,
म्हणून आम्ही बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिलो.
कालव्यात बर्फाचे तुकडे एकमेकांना ढोसत
समुद्राकडे निघाले होते.

आईच्या शिवणाच्या डब्यात एक लात्स आहे,
त्यावर उसळी मारणारा सामन मासा.
देश युरोवर गेला तेव्हा तिनं मागे ठेवलेला.
मध्यवर्ती बँक तो अजून बदलून देते,
मुदत नाही. सवडीनं या.
त्याआधीच्या रुबलांना असं कुणी म्हटलं नव्हतं.
वडिलांच्या पासबुकात एक अख्खी मोटारसायकल होती.
एका हिवाळ्यात तिची सायकल झाली,
वसंत येईतो नुसती घंटी.

पत्रं पाठवण्यात अर्थ नव्हता,
टपालाचं तिकीट शिलकीहून महाग.
मी फोन लावत सुटले.
पुष्कळांनी मला भामटी समजून ठेवून दिला.
एक बाई अकरा सेंटवरून कडाडून भांडल्या,
मग म्हणाल्या, बरं वाटलं बोलून.
एका पोरानं विचारलं, नऊ सेंटात काय येतं?
मला काही सुचलं नाही.

वीस हजार सातशे शहात्तर:
आर्वीड्स स्त्राझ्दिन्श. शिल्लक सदतीस सेंट.
शेवटचा व्यवहार सतरा नोव्हेंबर,
सकाळी सात बावन्न, ट्राम.
फोन बायकोनं उचलला. वेल्टा.
तिनं आधी रक्कम विचारली नाही.
विचारलं, कुठल्या बाजूची ट्राम?

पडद्यावर दिसत होतं. इस्पितळाच्या बाजूची.
सांगितलं.
पलीकडे किटली शिट्टी देत होती,
कुणी उतरवत नव्हतं.

आणि परतीचं?
परतीचं नाहीये.

सदतीसात परतीचं निघत नव्हतंच, ती म्हणाली.
मी सांगितलं होतं त्याला, पैसे भर म्हणून.
म्हणाला, येताना बघू.

कुठल्या खात्यात पाठवू, हे मला विचारायचं होतं.
नियमात तसं लिहिलंय, तिसऱ्या कलमात.
विचारलं.
नको, म्हणाली. पण शून्यही करू नकोस.
मग किटली थांबली.

रकान्यात तीनच पर्याय आहेत:
परत केले, नाकारले, संपर्क झाला नाही.
आमच्या वहीत ते सदतीस सेंट देणं आहे.
तिच्या बाजूनं पाहिलं तर येणं.
शेऱ्याच्या चौकोनात मी टाइप केलं:
येणं बाकी.

राइतिसनं माझ्या खांद्यावरून वाचलं.
हे यंत्र स्वीकारणार नाही, म्हणाला.
तरी पुसलं नाही त्यानं.
उरलेल्या पावाचा तुकडा माझ्या कागदावर ठेवून
आपल्या खुर्चीत गेला,
आणि यादीचं शेवटचं पान काढून
त्यानंही एक नंबर फिरवला.

वीस हजार सातशे सत्त्याहत्तर. चार सेंट.
रिंग जातेय.